चार्ट तोंडपाठ

त्या सोमवारी दुकानात एका पेन्शनर काकांच्या चष्म्याचे नोजपॅड मी बदलत होते. फोन रशीदभाईंनी घेतला. काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम तेच करतात. फोन ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "भाभी, शटर गिरा दूँ?"

माझा नवरा माधव तेव्हा इंद्रपुरीच्या नेत्रतपासणी कॅम्पला निघाला होता. रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकला त्याची स्कूटर धडकली. लख्ख उन्हात. तो जागीच गेला.

माधव ऑप्टोमेट्रिस्ट होता. भोपाळच्या बिट्टन मार्केटमधलं हे दुकान आम्ही दोघांनी उभं केलं. तो नंबर काढायचा, मी फ्रेमचं काउंटर सांभाळायची. आता भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा एखादा किस्सा सांगून जातो. करायला टाकून कुणी न नेलेले चष्मे खणात साठतात ना, तसे हे साठत चाललेत. टाकवत नाहीत.

•

सुरुवातीला दुकानात कुणी फिरकायचं नाही. रिकाम्या खुर्चीत डोळे दाखवायला कुणी बसत नाही, असं माधवचं ठाम मत. म्हणून तो मलाच खुर्चीत बसवायचा, काचेच्या दारातून दिसेल अशी.

"वाच. सावकाश वाच, बाहेरचे बघतायत."

"आणि आज कुणीच आलं नाही तर?"

"तर उद्या तुझा नंबर वाढेल."

मी थकले की सासूबाई, त्या थकल्या की रशीदभाई. सगळ्यांना समोरचा अक्षरांचा चार्ट तोंडपाठ झाला. सासूबाई तर रामरक्षा झाली की त्याच सुरात चार्ट म्हणायच्या. शेवटी एक खरा पेशंट आला. समोरचा कापडवाला. तपासणी झाल्यावर हळूच माधवला म्हणाला, "बहनजी की आँखें बहुत खराब हैं क्या? जब देखो तब बैठी रहती हैं."

•

मग एक स्कूलबसचा ड्रायव्हर आला. नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं होतं. बरोबर दोन दोस्त, दारात उभे. त्याचा उजवा डोळा छान होता. तो झाकायला सांगितला, तरी डाव्यानं त्यानं धडाधड वाचायला सुरुवात केली. कुठे अडखळणं नाही, डोळा बारीक करणं नाही. माधवनं चार्टच्या पेटीतला दिवा बंद केला; अक्षरं दिसेनाशी झाली.

ड्रायव्हर वाचतच राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत!

बाकावर नंबर लावून बसल्या बसल्या त्यानं पुढच्यांचं ऐकून पाठ केलं होतं. माधवनं सर्टिफिकेटचा कागद बाजूला ठेवला. ड्रायव्हरनं त्याची कॉलर धरली. दोस्त आत आले. मी फ्रेमचा ट्रे हातात घट्ट धरून उभी.

"साहब, मेरे बच्चे भूखे मरेंगे."

"और जो बस में बैठेंगे, वो किसके बच्चे हैं?"

कॉलर सुटायला बराच वेळ लागला. सही मात्र झाली नाही.

त्या आठवड्यात माधवनं वेगळ्या अक्षरांचा दुसरा चार्ट आणला आणि गुंडाळी न सोडता कपाटात ठेवला. शंका आली तरच काढायचा. "मीसुद्धा बघणार नाही," तो म्हणाला. "पाठ झाला की चार्ट मेला."

•

गेल्या वर्षी एक प्रोफेसरबाई काउंटरवर वाकून मला म्हणाल्या, "भाभीजी, साहब आजकल नाक से नाक भिड़ाते हैं."

मी हसले. पेशंटच्या डोळ्यात उपकरणानं आत बघताना त्याचा उजवा डोळा आपल्या उजव्यानं बघायचा, डावा डाव्यानं. नाहीतर नाकं आपटतात. हे माधवनंच मला शिकवलेलं; आणि आता तो डावा डोळाही उजव्यानंच बघत होता.

"डाव्या डोळ्याला काय झालंय?" रात्री मी त्याला विचारलं.

"सर्दी."

मग चहा कपाच्या डावीकडे, बशीत पडू लागला. दाराची डावी चौकट खांद्याला लागू लागली. रशीदभाई त्यांच्या भोपाळी ढंगात म्हणाले, "खां, नज़र वाले को ही नज़र लग गई." माधव हसला. मी हसले नाही.

"डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हणाले.

"कुठल्या? भोपाळातला डोळ्यांचा कुठला डॉक्टर मला ओळखत नाही? डोळे तपासणाऱ्याचाच डोळा गेला, हे बाजारभर होईल. मग खुर्चीत परत तुलाच बसावं लागेल."

"बसेन."

"मी नाही बसवणार."

पुढे कितीतरी दिवस हेच चाललं. मी विषय काढायचा, त्यानं विनोद करायचा.

•

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, दुकान बंद करता करता मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला खुर्चीत बसवलं.

"आज तू वाच. उजवा डोळा झाक."

"बाहेर कुणी बघत नाहीये," तो म्हणाला. तरी तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि वाचायला लागला. खणखणीत आवाजात, सावकाश, मला शिकवल्यासारखा.

मी पेटीपाशी उभी होते. दुसऱ्या ओळीला मी दिवा बंद केला.

माधव वाचतच राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत.

"झालं समाधान?"

"दुसरा चार्ट काढते," मी म्हणाले.

हात खाली घेऊन त्यानं विझलेल्या पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"उद्या," तो म्हणाला. "कॅम्पहून आलो की."

दुसरा चार्ट कपाटात आहे. त्याची गुंडाळी सोडायची राहिली.