म्हशीला पंधरा इंचीच चाकं: र्युसेल्सहाइम ते गेर्लिंगेन, उवेच्या शेडवरून

...आणि वर मलाच सांगतो, "वहिनी, तुम्ही शिऱ्याचं बघा, चाकांचं माझ्यावर सोडा." घरच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत. खाली नणंदेनं दोन हसरी तोंडं टाकली. अरे बाबा, चाकांचं तुझ्यावर सोडलं म्हणून तर ही पाळी आली!

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. हा प्रसाद, माझा धाकटा दीर, गेर्लिंगेनला मोठ्या कंपनीत इंजिनियर. आणि चाकं आमच्या म्हशीची. म्हैस म्हणजे आमची १९७१ सालची अमेरिकन गाडी, काळी, रुंद, दोन दारांची, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन. एक अमेरिकन सैनिक मायदेशी परत जाताना विकून गेला. दोघा भावांनी अर्धी अर्धी घेतली. कागद प्रसादच्या नावावर, कारण तेव्हा त्याला विमा स्वस्त पडत होता. राहते आमच्याकडे र्युसेल्सहाइमला, कारण गॅरेज आमचं. चालवते मी, कारण आमच्या ह्यांच्या पाठीच्या मणक्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं.

ह्यांच्या पन्नाशीला प्रसादनं सरप्राइज दिलं. हिवाळ्यात गाडी घेऊन गेला आणि परत आणली तेव्हा ती चार बोटं खाली बसलेली आणि खाली वीस इंची चाकं. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. शेजारचे जर्मन आजोबा काठी टेकून बघायला आले. पण हे आत बसले आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी फरशा आहेत ना दगडी, तिथपर्यंत जाईस्तोवर ह्यांचा चेहरा पांढरा. "थोडं कडक आहे," म्हणाले. त्यानंतर म्हशीत बसायची वेळ आली की ह्यांना काहीतरी काम निघायचं. स्वतःच्या गाडीला माणूस घाबरतो, हे मी किती दिवस बघायचं?

चाकांचं गणित मला मेदूवड्यावरून कळलं. वड्याचा बाहेरचा घेर तेवढाच ठेवायचा आणि भोक मोठं करायचं, की वडा पातळ होणारच. टायरवर २४५/३५ R२० लिहिलेलं असतं ना, त्यातले २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ३५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा पस्तीस एवढी रबराची उंची, आणि २० म्हणजे रिम किती इंची. म्हणजे रबर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. २३५/६० R१५ घेतलं तर चौदा. बाहेरून चाक जवळपास तेवढंच उंच. मधलं साडेपाच सेंटिमीटर रबर गेलं कुठे? ह्यांच्या मणक्यात.

तर मे महिन्यात प्रसादच्या नव्या घराचा सत्यनारायण ठरला आणि मी ठरवलं, म्हशीनंच जायचं. आणि वाटेत लुडविग्सहाफेनला थांबायचं. तिथे उवे म्हणून एक जण आहे, जुन्या अमेरिकन गाड्यांचे भाग शेडमध्ये रचून ठेवतो. त्याला मी आधीच फोन केला होता. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी भावाला फोन केला असता.

शुक्रवारी सकाळी निघालो. डिकीत तांदळाचं पोतं, रवा, दोन मोठी पातेली, कुकर, चौरंग, नारळ, तूप. मागच्या सीटवर ताटं आणि ह्यांची पाठीची उशी. र्युसेल्सहाइमहून A67 धरायचा, पुढे फिर्नहाइमला A6. सरळ रस्ता, पण Baustelle, म्हणजे रस्त्याची कामं, कधी संपत नाहीत, अर्धा तास जास्तीचा धरूनच निघा. पेट्रोलचंही सांगून ठेवते, म्हैस शंभर किलोमीटरला अठरा लिटर पिते. ज्याला परवडत नाही त्यानं रेल्वेनं जावं.

थोडं पुढे गेलो आणि प्रत्येक सांध्यावर मागून आवाज, खर्र. मग जळक्या रबराचा वास. पार्किंगला वळवली, उतरून बघते तर मागच्या दोन्ही टायरांच्या खांद्यावर काळी चकचकीत पट्टी. मडगार्डची आतली कड टायरला लागत होती. प्रसादनं सगळं मोजलं होतं कॉम्प्युटरवर, मिलिमीटर मिलिमीटर. पण मोजलं रिकाम्या गाडीवर. मराठी माणसाची गाडी पूजेला रिकामी कधी जाते का रे? तुझ्याच आईनं तुला घागर-कळशीसकट हॉस्टेलला सोडलं होतं!

ह्यांना खाली वाकता येत नाही, म्हणून उभ्यानंच विचारत होते, "काय झालं?"

"तुमच्या भावानं चाकं बसवलीत, सामान बसवायचं विसरला."

"आता?"

"आता लुडविग्सहाफेन."

"तिथे काय आहे?"

"चाकं."

हे गाडीत बसले. मग म्हणाले, "प्रसादला विचारलंस?" मी गाडी सुरू केली. गाडी चालवताना बोलू नये.

लुडविग्सहाफेन गाव म्हणून बघायला कोणी जात नाही. नदीकाठानं केमिकल कारखान्याचे पाइप आणि धुरांडी, मैलोन् मैल. मला आवडतं. काम करणारं गाव दिसतं, उगाच फुलं लावून नटलेलं नाही. उवेची शेड रेल्वेच्या रुळापलीकडे. शेजारच्या छोट्या खानावळीत बटाट्याचं सूप आणि डाम्पफनूडल खाल्लं. वाफवलेला पावाचा गोळा, तळाशी खारट खरपूस. हे लोक त्याला सूपही लावतात आणि गोड व्हॅनिला सॉसही. दोघांचं पोटभर वीस युरोच्या आत. सॉसवालं घेऊ नका, चिकट आहे.

उवे साठीचा, दाढी पोटापर्यंत. दर शुक्रवारी दुपारी त्याच्या शेडमध्ये तपासणीचा साहेब येतो. जर्मनीत ज्यांना चाकं बदलायचीत त्यांनी हे नीट वाचा. इथे आपल्या मनानं वेगळ्या मापाचं चाक घातलं की झालं असं नसतं. साहेबानं तपासून लिहून द्यावं लागतं, मग ते माप Zulassungsstelle मध्ये, म्हणजे इथल्या आरटीओत, गाडीच्या कागदावर चढवायचं. नाहीतर पोलिसांनी अडवलं की गाडी तिथेच उभी.

उवेनं आधी नुसता रिम पुढे लावून हातानं फिरवून बघितला, ब्रेकला लागतो का. पुढचे ब्रेक मोठे असले तर पंधरा इंची रिम बसतच नाही. आमचा बसला. मग विचारलं, टायर कुठले?

मी म्हटलं, चारही २३५.

"पुढे थोडं बारीक घ्या," उवे म्हणाला. "गाडी खाली आणलीय."

"चारही सारखीच. मग स्टेपनी कुठेही लागते."

"तुमच्याकडे स्टेपनी आहे?"

"आमच्याकडे प्रत्येक गाडीला स्टेपनी असते."

"असेल, पण टायर फुटला की इथे लोक मदतीला फोन करतात."

"तुम्ही करा फोन."

चारही सारखी घातली. साहेब आला, बारीक, चष्मा डोक्यावर. त्यानं पुढचं एक चाक उतरत्या ठोकळ्यावर चढवायला लावलं आणि मागचं तिरकं दुसऱ्या बाजूचं दुसऱ्या ठोकळ्यावर. म्हणजे गाडी पिळल्यासारखी उभी राहते. मग स्टेअरिंग पूर्ण फिरवा म्हणाला. फिरवलं. खर्र.

"नाइन," साहेब म्हणाला, म्हणजे नाही.

"बोटभर तर घासतंय!"

"हे बघा, टायर बोटभरच जाड असतो, बाई. घासून फुटला तर तुमची स्टेपनी डिकीतून काढायला रस्ता कुठाय, इतकं सामान आहे."

उवे हसला. हेही हसले! मी म्हटलं, काढा ती. पुढे २१५/६० घातली, मागे २३५/६० राहिली. पुन्हा ठोकळा, पुन्हा स्टेअरिंग. काही नाही. आवाज नाही.

मग मीच म्हटलं, आता मागून भरून बघा. साहेबानं डिकीत डोकावून विचारलं, "घर बदलताय?"

"पूजेला चाललोय."

"सगळं राहू द्या आत," म्हणाला आणि उवेला मागच्या सीटवर बसवलं. उवे म्हणजे एकटाच दीड माणूस. मांडीवर ताटं. पुढे हे बसले. साहेबानं गाडी शेडभोवती फिरवली, गटाराच्या झाकणावरून, रुळाच्या दगडांवरून. उवे मागून ओरडला, "गेमुटलिश!" म्हणजे एकदम आरामशीर. आणि हे खिडकीतून माझ्याकडे बघत होते. वीस इंचीवर असताना छताचा पट्टा धरायचे, तो आता धरला नव्हता. त्या एका हातावरून मला कळलं, आता ही चाकं निघणार नाहीत. कोणी का येईना.

साहेबानं टॉर्च मारून पाहिलं, टायर मडगार्डच्या बाहेर येत नाही ना तेही पाहिलं, आणि शिक्का दिला. वीस इंची चारही उवेकडे ठेवली. कुठे नेणार, डिकीत तांदूळ होता.

गेर्लिंगेनला पोचलो संध्याकाळी. A6 वरून हाइलब्रॉनपर्यंत, मग A81. प्रसादचं घर चढावर, वर द्राक्षांचे मळे, रस्ता इतका तिरका की गाडी लावून चाकाखाली दगड ठेवावा वाटतो. प्रसाद फाटकात उभा होता. पाया पडायच्या आधीच चाकं दिसली.

"वहिनी, माझी चाकं कुठायत?"

"लुडविग्सहाफेनला. चादर घालून ठेवलीत."

"अहो, पंधरा इंची? बैलगाडी दिसतेय!"

"बैलगाडीची चाकं मोठी असतात. तुझी होती तशी."

"जुलैमध्ये गाड्यांच्या मेळाव्यात नाव दिलंय मी हिचं! आणि वळणावर बघा आता कशी डोलेल. वीस इंचीवर रुळावर असल्यासारखी जायची."

डोलते, ते खरं आहे. वाचणाऱ्यांना खोटं सांगणार नाही. जाड टायरवर म्हैस वळणावर अंग टाकते, स्टेअरिंग थोडं सैल वाटतं. ज्याला वळणं मारायचीत त्यानं सतरा इंची घ्यावं, मधलं माप आहे. मी वळणावर हळू जाते.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. शिरा छान झाला, प्रसादच्या ऑफिसमधल्या जर्मनांनी तीनदा घेतला. आणि मग त्यांच्याच समोर, बाल्कनीत, प्रसादनं पुन्हा विषय काढला. "वहिनींना ती चाकं आवडत नाहीत म्हणून दादाची पाठ पुढे करतात. दादाला त्रास असता तर दादा बोलला असता. काय दादा, होत होता का रे त्रास?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांच्या हातात शिऱ्याची वाटी. म्हणाले, "नाही रे. तसं काही नाही. तीही छान होती."

 मी कोणासाठी भांडतेय मग? पण मला माहीत आहे हे. प्रसाद शाळेत असल्यापासून त्यानं मागितलं आणि ह्यांनी नाही म्हटलं असं झालंच नाही. सायकल मागितली, दिली. कॉलेज मागितलं, ओव्हरटाइम करून दिलं. आता पाठही देऊन टाकतील. प्रसाद माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा वहिनी. मी पुढच्या आठवड्यात येऊन वीस इंची परत चढवतो." मी पातेली घासायला गेले. जोरात घासली.

रविवारी परतताना मुद्दाम हायवे सोडला. क्राइशगाऊच्या गावागावांतून आले, जिथे चर्चपुढे अजून दगडी फरशा आहेत. बघण्यासारखा भाग आहे, मोहरीची पिवळी शेतं आणि बेकरीत लोणी लावलेले ब्रेत्सेल. दुपारी बेकऱ्या बंद असतात, सकाळीच घ्या.

एका गावात फरशीवर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"त्यानं प्रेमानं दिली होती गं."

"मग तुम्ही प्रेमानं आडवे पडा आता."

ह्यांनी पाठीची उशी सरकवली. मग म्हणाले, "मला ही आवडली. पण त्याला तू सांग. मला नाही जमणार." आणि झिन्सहाइमच्या अलीकडे चक्क झोपले. डोकं खिडकीला टेकवून, तोंड उघडं. ऑपरेशननंतर गाडीत अर्धा तास धड बसू न शकणारा माणूस घरापर्यंत घोरत आला. दगडी गल्लीतसुद्धा उठले नाहीत.

सहलीतून काय उरलं म्हणाल तर ती झोप. बाकी सूप, मळे, शिरा, सगळं पचलं.

तर प्रसाद, हे तू वाचतोस, मला माहीत आहे, आणि खाली मुद्दाम काही लिहीत नाहीस. दादानं तुला नाही म्हटलं नाही, म्हणून मी म्हणते: नाही. वीस इंची म्हशीला परत लागणार नाहीत. उवेकडून तुझी चाकं घेऊन जा, दुसऱ्या गाडीला लाव, वीक, फ्रेम कर. साहेबाच्या शिक्क्याचा कागद मी तुला पोस्टानं पाठवलाय. गाडी तुझ्या नावावर आहे, म्हणून तुझ्याच गावच्या Zulassungsstelle मध्ये जाऊन पुढे २१५, मागे २३५, रिम पंधरा, एवढं चढवून आण. ते जमत नसेल तर गाडी माझ्या नावावर कर, मी आणते चढवून.

येत्या गुरुवारी हिमेलफार्टची सुट्टी आहे, शुक्रवारी निम्मं जर्मनी जोडून सुट्टी घेणार, म्हणजे ऑफिसं बंद. मला बुधवारपर्यंत सांग. इथेच, सगळ्यांच्या देखत, जिथे शिऱ्याचं बघायला सांगितलंस तिथेही चालेल. चढवतोस की नावावर करतोस? दोनातलं एक लिही. "बघतो वहिनी" लिहिलंस तर ते उत्तर मी धरणार नाही.