सरांची ओळ काढायची नाही!

"सरांनी लिहिलेली कोडची ओळ काढायची नाही. का, ते विचारायचं नाही." पहिल्याच दिवशी मला हा नियम सांगितला तो सरांनी नाही, माझ्या बाबांनी!

आमचं ऑफिस म्हणजे मेहकरात एका मेडिकलच्या वरची खोली. पण किस्से साचायला जागा लागत नाही, हट्टी माणसं लागतात. आमचे सर बाबांचे जुने मित्र, कॉलेजातून रिटायर झालेले. आम्ही एडिटरचं, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं, प्लगिन बनवतो. पोरं कोड टाइप करतात, ते पुढचा शब्द सुचवतं. आणि घरी ठरलंय की नोकरी आहे तोवर माझ्यासाठी स्थळ बघायचं नाही. म्हणून मी नियम गिळला.

*

पहिला बग, म्हणजे बिघाड, एंटरचा. नवीन ओळीसाठी एंटर दाबलं, की प्लगिन आपल्याच मनानं सुचवलेला शब्द घुसवायचं. मी एक ओळ काढून दुरुस्त केलं. संध्याकाळी सरांनी ती परत टाकली.

"काऊन हो सर?"

"तू शाळेत होती तवाची ओळ हाय ते! बाजूले ऑप्शन टाक न."

'एंटरनं शब्द घुसवू नका' असा ऑप्शन टाकला. प्लगिन लोकांकडे गेलं तेव्हा तो ऑप्शन बंदच होता. सरांचा आग्रह!

*

लोणारहून एका क्लासवाल्याचा फोन. "म्याडम, प्लगिन हलूनच नाही राह्यलं!"

"सेटिंगमधे काय काय चालू केलं?"

"सगळंच! तुमी एवढं देलं, त सोडू कशाले?"

त्यात 'सुचवणी आपोआप दाखवा' आणि 'आपोआप दाखवू नका' दोन्ही चालू! मला वाटलं, आता तरी एक जाईल. सर म्हणाले, "तिसरा टाक. दोन्ही चालू असले, त जुनं चालू दे."

*

माझ्यासोबतचा गजानन पुण्याला गेला. शेवटच्या दिवशी त्यानं समोसे आणले होते.

"काऊन बे, काय कमी होतं इथं?" सरांनी विचारलं.

"इथं काहीच काढता येत नाही सर. म्हून मीच निघालो."

सेटिंगमधे अजून 'गजाननची सोय' असा ऑप्शन आहे. बंद केला की सुचवणीच थांबते. हा कशासाठी, ते विचारायला मी त्याला फोन केला. म्हणाला, "मले बी आठवत नाही वं." त्याच्या खुर्चीवर आता सर डबा ठेवतात.

*

आणि जानेफळची वैष्णवी. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिनं 'टोटल' लिहून एंटर दाबलं, प्लगिननं 'टोटलमार्क्स' घुसवलं. प्रोग्राम चुकला, पोरगी नापास. तिनं आमच्या प्लगिनकडे बोट दाखवलं. लॅबच्या म्याडम फोन करणार म्हणून सरांनी बाबांनाही बोलावून घेतलं.

"कोड तू पाहते, तूच बोल. पोरीनं पाहून टायपाले पाहिजे होतं म्हण," सर म्हणाले. "ऑप्शन देला होता आपण."

"बंद ठेवून देला, सर."

"सर सांगून राह्यले ना पोरी," बाबा म्हणाले. "नोकरी गेली, त अकोल्याचं स्थळ थांबूनच हाय. मंग मले नको म्हणू!"

फोन आला. सरांनीच स्पीकर लावला.

"चूक मुलीची की तुमची?" म्याडमनी विचारलं. "तुमची असेल तर तिला पुन्हा बसवता येईल."

सरांनी डोळे वटारले. बाबांनी हात जोडले, माझ्यापुढे!

"आमची, म्याडम. तिले बसू द्या."

"अवं, पण..." सर म्हणाले.

"नाही सर. तिच्यावर नाही ढकलणार मी!"

"सर, तुमचंही हेच म्हणणं ना?" म्याडमनी विचारलं.

सरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खाली.

"हॅलो? सर? आहात ना?"