गरिबीचे मास्तर

रिटायर झालो तेव्हा माझं कपाट रिकामं करायला दोन दिवस लागले. पुस्तिका, तक्ते, प्रोजेक्टरच्या शीट, सगळं रद्दीत गेलं. किस्से तेवढे कुणी नेले नाहीत. चार मित्र जमले आणि चहा आला, की एकाच्या शेपटाला धरून दुसरा बाहेर येतोच!

नव्वदच्या दशकात मी बीडला एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायला होतो. आमच्याकडं ग्रामसेवक यायचे, विस्तार अधिकारी यायचे. सरकारच्या योजना गरिबापर्यंत कशा पोचवायच्या, ते आम्ही त्यांना शिकवायचो. म्हणून गावातले लोक आम्हाला 'गरिबीचे मास्तर' म्हणायचे. मुळे सर प्राचार्य. माझ्या जोडीला शिकवायला शकुंतलाबाई, आवाज असा की माईक लाजावा.

आणि विद्यार्थी बरेच आले-गेले, पण लक्षात राहिले ते दिंद्रुडकडचे ग्रामसेवक घोळवे. कुठलंही ट्रेनिंग निघालं की वरचे साहेब घोळव्यांनाच धाडायचे, कारण त्यांना 'न्हाई' म्हणता यायचं नाही. वर्षातून चार-पाचदा तरी यायचे. पिशवी खाली ठेवत म्हणायचे, "सर, माझं आता इतकं ट्रेनिंग झालंय, मला बघून गरिबी रस्ता बदलती!"

*

एकदा पुण्याहून एक तज्ज्ञ आले. सूट, टाय, मे महिना! प्रोजेक्टर लावून त्यांनी पडद्यावर एक आडवी रेघ मारली.

"ही दारिद्र्यरेषा. आता मला सांगा, तुमच्या गावात ही रेषा नेमकी कुठून जाते?"

घोळवे उठले.

"सर, आमच्या गावात ती सरपंचाच्या माडीवरून जाती."

"माडीवरून म्हणजे?"

"म्हंजी माडी रेषेच्या खाली येती!"

तज्ज्ञांनी टाय सैल केला आणि पाणी मागितलं.

*

तेव्हा नव्या आर्थिक धोरणाची हवा होती. कुठलंही भाषण 'आता अर्थव्यवस्था खुली झाली' असं सुरू व्हायचं. एका पाहुण्यांनी तर टेबलावर काचेचे ग्लास एकावर एक रचले आणि सगळ्यात वरच्या ग्लासात पाणी ओतायला लागले.

"बघा! वरचा ग्लास भरला की पाणी आपोआप खालच्यात येतं. तसंच, वरच्याची भरभराट झाली की ती खालच्यापर्यंत झिरपणारच!"

शेख मामू म्हणजे आमचे शिपाई. ते दारात फडकं घेऊन उभे होते, कारण टेबल त्यांनाच पुसायचं होतं. त्यांना राहवलं नाही.

"साहब, गुस्ताखी माफ. आमच्याकडं वरच्या रानात विहीर खांदली, की खालच्याची आटती."

पाहुण्यांनी पाण्याचा जग खाली ठेवला. पुढचं भाषण ग्लासांशिवाय झालं.

*

मग गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच काढून घ्यायची टूम आली. पुस्तकात लिहिलं होतं, रांगोळीनं रस्ते काढा, धान्यानं घरं दाखवा. आम्ही एका गावात मारुतीच्या देवळापुढं बैठक मारली. श्रीमंतांच्या घरासाठी चिंचोके ठरले, गरिबांच्या घरासाठी ज्वारीचे दाणे. शकुंतलाबाईंनी बायकांना बोलतं केलं, आणि तासाभरात असा देखणा नकाशा झाला की मुळे सर फोटोग्राफर आणायला स्वतः जीपमधून गेले.

इकडं आम्ही चहा प्यायला वळलो. तेवढ्यात कुणाच्या तरी आठ-दहा कोंबड्या आल्या.

सर परत आले तर रस्ते जागेवर, देऊळ जागेवर, चिंचोके जागेवर. ज्वारी साफ!

"हे काय झालं?" सर ओरडले.

घोळवे शांतपणे म्हणाले, "सर, गरिबी हटली. श्रीमंताच्या केसाला धक्का न्हाई लागला!"

*

हा किस्सा सांगताना मी जरा हळू बोलतो.

घरोघर फिरून फॉर्म भरायचा सराव होता. कपिलधारच्या वाटेवरच्या एका गावात शकुंतलाबाई, मी आणि घोळवे एका म्हातारीच्या घरी गेलो. ऊन लई होतं. तिनं आधी सावलीत बसवलं, मग आमचं काही न ऐकता पुढ्यात भाकरी आणि ठेचा ठेवला. आम्हीही भुकेले होतो. जेवलो, हात धुतले आणि फॉर्म काढला.

प्रश्न होता, दिवसातून किती वेळा जेवता?

म्हातारी हसली. "दोनदा. तुमच्यासारखं पाव्हणं आलं तर एकदा."

शकुंतलाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक झालेला मी ऐकला. "आजी, बाकीचं आम्हाला कळलं."

 

*

आता शेवटचा.

त्या दिवशी वर्गात खोटं तहसील ऑफिस मांडलं होतं. टेबल, खुर्ची, पुढं पुठ्ठ्याची पाटी: 'तहसीलदार'. निराधार बाई अर्ज घेऊन आली तर तिच्याशी कसं वागायचं, याचा सराव होता. मुळे सर सकाळीच सांगून गेले होते, "आज मी सरावासाठी खरोखरची एक बाई बोलावलीय. नीट वागा."

तहसीलदार अर्थातच घोळवे झाले. खुर्चीत असे रेलून बसले की वर्ग हसून लोळायला लागला.

इतक्यात दारात एक म्हातारी आली. हातात फडक्यात बांधलेले कागद. ती काही विचारणार, तेवढ्यात घोळवे ताडकन उठले. "या आजी, या! बसा खुर्चीवर. मामू, पाणी आणा!"

अर्जदाराला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, नाव विचारायचं, मध्येच तोडायचं नाही. आम्ही शिकवलेलं सगळं घोळव्यांनी अगदी तंतोतंत केलं. म्हातारी बावरली. पाणी पिताना तिचे डोळे भरून आले.

"लई हापिसं हिंडले बाबा. खुर्ची कुनीच न्हाई दिली."

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "काय ॲक्टिंग करती!"

घोळव्यांनी एकेक कागद वाचून दाखवला. मग म्हणाले, "आजी, सगळं हाय. मालक वारल्याचा दाखला तेवढा न्हाई."

"त्योच तर मिळंना."

तेवढ्यात मुळे सर आत आले. त्यांच्याबरोबर दुसरीच एक बाई.

"उशीर झाला. या आपल्या सरावासाठी आल्यात." मग सरांचं लक्ष खुर्चीकडं गेलं. "आणि ह्या कोण?"



घोळवे हळूच म्हणाले, "आजी, तुमी इथं कावून आलता?"

"ग्रामसेवकाला हुडकीत आले बाबा. दाखला त्योच देतो. तीन खेपा घातल्या, ग्रामपंचायतीला कुलूप. लोक म्हनले, गरिबाची कामं कशी करायची ते शिकाया बीडला गेलाय. म्हनलं, तितंच गाठावं."

"गाव कंचं?"

म्हातारीनं वाडीचं नाव सांगितलं.

त्या वाडीचा जादा चार्ज महिन्यापूर्वीच एका ग्रामसेवकाला मिळाला होता. त्यानं अजून तिथं पाऊलही टाकलं नव्हतं, म्हणून म्हातारीला त्याचं तोंड माहीत असण्याचं कारण नव्हतं.

घोळव्यांनी टेबलावरची पाटी पालथी घातली. कोपऱ्यातली आपली पिशवी उचलली. म्हातारीचे कागद फडक्यात पुन्हा नीट बांधले आणि तिला हात देऊन उठवलं.

"चला आई, दुपारची यष्टी मिळंल."

मुळे सर तासाला एक मिनिट उशीर झाला तरी लाल शाईनं गैरहजेरी मांडायचे. ते अजून दाराशीच उभे होते. घोळवे त्यांच्यापुढं थांबले. सर बाजूला झाले.

ट्रेनिंगचे अजून तीन दिवस बाकी होते. घोळवे परत आले नाहीत.

शेवटच्या दिवशी मी मस्टर उघडलं. घोळव्यांच्या नावापुढं तिन्ही दिवस, मुळे सरांच्या अक्षरात, निळ्या शाईनं लिहिलं होतं: 'हजर'.