साडूभाऊंची फौज

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात औषधांचा दानधर्म करणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. धंदा बैलांचे कासरे-वेसणी विकण्याचा. पण गिऱ्हाईक बैलाचं सांगत असताना यांचं लक्ष त्याच्या मानेवरच्या गळवाकडे. स्वतःला एचआयव्ही आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यावरची एआरटीची गोळी रोज ठरल्या वेळी, चारचौघांत घ्यायची आणि "फौजेला कुमक धाडली," असं जाहीर करायचं. फौज म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. हा आजार हुकूम देणाऱ्या पेशीच मारतो, मग लढणाऱ्यांना वेळेवर बोलावणं जात नाही, असं हिंगोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा यांनी खुशाल मान डोलावली, "म्हंजे पोलीस पाटील खपला, जागले झोपले! बराबर?"

खोड एकच. स्वतःला वरचेवर उठणाऱ्या गळवांवरच्या कॅप्सूल सूज उतरली की बंद, आणि उरलेल्या कॅप्सूल कासऱ्यासोबत गळूवाल्या गिऱ्हाइकाला फुकट. माझी मेहुणी ओरडायची, तर म्हणायचे, "काहून वाया घालवता? त्यालाबी तकलीफ हाये." पण अर्धवट औषधानं सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले निर्ढावतात. यंदा मांडीवर उठलेल्या गळवाला एकही कॅप्सूल लागू पडेना, ताप हटेना. हिंगोलीला भरती केलं, पू तपासला, तर नेहमीची औषधं चालणारच नाहीत असं निघालं. सलाइनमधून दुसरं औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "औषध देतोय, पण यांच्या पेशींनीही साथ दिली पाहिजे. जिवाचं आत्ताच सांगता येत नाही." आत साडूभाऊ तापात मांडीला दटावत होते, "हटू नका रे, मी हाये!" शेजारच्या पेशंटनं घाबरून खाट बदलून मागितली.

अखेर ताप उतरला. ड्रेसिंग करताना सिस्टर म्हणाली, "पू निघून राहिला काका, जखम भरून येईल."

"पू म्हंजे नेमकं काय वो?"

"तुमच्याच पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढून मेलेल्या."

साडूभाऊ तिच्या हातातल्या पू लागलेल्या कापसाकडे पाहत राहिले. सिस्टर तो कापूस टाकायला निघाली, तर "थांबा बाई," म्हणून त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले.

"लेकरं व्हती माझी. आन् म्याच त्यांच्या दुश्मनाला तयार केलं."

एरवी मी यावर वर्षभर चेष्टा केली असती. बाहेर मेहुणी बाकावर बसली होती. तिला फक्त "वाचले" एवढंच सांगायचं होतं, पण मी म्हणालो, "फौजेनं वाचवलं."