घोड्याच्या कानामागची चीर

शिक्के कोरणारे काका मुळातच तापट. त्यात कुणाची लबाडी दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चाळीस वर्षं पितळेवर उलटी अक्षरं कोरून पाठ वाकली, पण जिभेची धार काही कमी झाली नाही. हौस एकच, प्राचीन नाणी. त्यांतही घोड्याचं चांदीचं नाणं म्हणजे जीव की प्राण. अकरा वर्षांपूर्वी लिलावात मिळालेलं. घरी कुणी आलं की चहाच्या आधी ते नाणं समोर यायचं. अशानं लोक यायचे बंद होतील, असं काकू म्हणायच्या.

परवा त्याच लिलावघरात विक्रीची नाणी पाहायला मांडली होती. काका भिंग घेऊन गेले आणि एका खोक्यापाशी थबकले. तोच घोडा. कानामागे तीच चीर, काठावर त्याच दोन खाचा. आता, खरी जुनी नाणी हातानं ठोकलेली; तशा दोन नाण्यांना एकाच जागी एकसारखी चीर पडेल कशी? साच्यात ओतलं तरच असं होतं. घरी येऊन काकांनी लिलाववाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. राजरोस लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतात आणि वर टाय लावून बसतात!

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपलं खरं कशावरून?"

काका त्यांच्यावरही खेकसले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी घोड्याची बोली सुरू झाली. एका शाळामास्तरीणबाईंनी हात वर केला, तोच काका उठले आणि त्यांनी आपलं नाणं टेबलावर आपटलं. एकाच साच्यातली दोन नाणी विकता, लाज कशी वाटत नाही, असं त्यांनी भर सभेत सुनावलं. लिलाववाला मुरलेला गडी. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "तुमचं अस्सल असणार, काका. तसं सांगा, आमचं मी मागे घेतो."

नुसती मान हलवायची होती. सगळे काकांकडे आदरानं पाहत होते. मास्तरीणबाईंनी तर हातही जोडले. त्या हात जोडण्याचाच काकांना भयंकर राग आला, आणि कधी नव्हे तो स्वतःचा.

"दोन्ही ओतलेली आहेत," ते म्हणाले. "माझ्या नाण्यावरचे ओतताना राहिलेले हवेचे बुडबुडे मला पहिल्याच आठवड्यात दिसले होते. तरी अकरा वर्षं मी ते खरं म्हणून दाखवत आलो."