काडीमावशी आणि मॅनेजरच्या लेंड्या

काडीमावशीचा विश्वास कुणावर होता म्हणाल, तर फक्त स्वतःच्या बोटांवर. चहाच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने पत्तीतल्या काड्या निवडल्या. लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, समोर काळ्या पत्तीचा ढीग. तांबूस काडी दिसली रे दिसली की चिमटीत धरून बाहेर. काडी म्हणजे भेसळ, काडी म्हणजे कुणीतरी आपल्याला फसवतंय, हे तिच्या हाडीमांसी खिळलं होतं. नावही तिथंच पडलं. मागून बाया म्हणायच्या, ही जशा काड्या काढते तशा काड्या करतेही. म्हणेनात का! तिच्या टेबलावरून गेलेलं खोकं एकदाही परत आलं नाही, हेही त्याच बाया कबूल करायच्या.

निवृत्त झाली आणि पंचाईत झाली. डोळे तेच, बोटं तीच, पण निवडायला काही नाही. मग ती माणसं निवडायला लागली. दूधवाल्याचं माप, शेजारणीचं हसणं, फोनवर मुलाचा मध्येच खाली येणारा आवाज, सगळ्यात तिला काडी दिसायची. मुलगा लिफ्ट दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात उरल्या दोघी, सासू आणि सून. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बाई शांत, आणि शांत बाई म्हणजे मावशीच्या लेखी महासंशय. "जी भांडते तिचं सगळं बाहेर असतं," ती म्हणायची. "जी गप्प बसते तिच्या पोटात काय शिजतंय कुणास ठाऊक!"

अशा घरात ससा आला. सुनेच्या दुकानातली एक बाई दुसऱ्या शहरात राहायला निघाली आणि जाता जाता हा ससा सुनेच्या गळ्यात मारून गेली. करड्या रंगाचा, गुबगुबीत, दोन्ही गाल फुगलेले. मावशीने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर आमचा मॅनेजर!" कारखान्याचा मॅनेजर अस्साच बसायचा, गाल फुगवून, काडीचंही काम न करता.

पहिले आठ दिवस ती त्याच्याकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी दुपारी आडवी पडली असताना मॅनेजर आला, तिच्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी घासली आणि निघून गेला. एवढंच. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा सदानकदा बाहेर. इतक्या वर्षांत आपणहून तिच्याजवळ आलेला हा पहिला जीव. मावशी विरघळली हो! संध्याकाळी सुनेला तिने सांगून टाकलं, "उद्यापासून त्याचं खाणंपिणं मी बघणार. तू हात लावायचा नाही." सून म्हणाली, "बरं." बस्स, नुसतं बरं. मावशीला तेही खटकलं.

दुसऱ्या दिवशी तिने गवतवाल्याकडून आलेली वाळल्या गवताची पिशवी उघडली आणि डोळे विस्फारले. निम्म्याहून जास्त काड्याच! जाड, खरखरीत, पिवळट. ती तडक दुकानावर गेली.

"हे गवत आहे की केरसुणी?"

"मावशी, सशाचं गवत असंच असतं," गवतवाला म्हणाला.

"मला शिकवतोस? काड्या निवडण्यात जन्म गेला माझा. वजन वाढवायला तू काड्या घालतोस, आणि म्हणे असंच असतं!"

गवतवाल्याने हात जोडले. मावशीच्या मते हात जोडतो तो चोर. घरी येऊन तिने टेबलावर कागद पसरला, चष्मा चढवला आणि गवत निवडायला बसली. मऊ, हिरवट पातं तेवढं मॅनेजरला. काड्या एका पोत्यात, पुरावा म्हणून. पोतं भरलं की गवतवाल्याच्या तोंडावर रिकामं करायचं, असा बेत. पोट भरावं म्हणून वरून सोललेली गाजरं, कडा काढलेला पाव आणि दुपारी एक बिस्कीट. मॅनेजर बिस्कीट तिच्या हातातून कुरतडून खायचा, आणि मावशीला एकतीस वर्षांत मिळालं नव्हतं तेवढं समाधान त्या एका बिस्किटात मिळायचं.

कारखान्याचा आणखी एक नियम तिच्या अंगात मुरलेला. कामाचा ताबा घेतला की रोजचा नमुना ठेवायचा. छोटी डबी, वर तारीख, ओळीने फळीवर. तक्रार आली की डब्या उघडायच्या आणि घोळ कुठल्या दिवसापासून, कुणाच्या हातून झाला ते धरायचं. सुनेच्या दुकानातून भिंगांच्या रिकाम्या डब्या घरी यायच्या. मावशीने त्यांत मॅनेजरच्या लेंड्या ठेवायला सुरुवात केली. हसू नका. खिडकीत ती ओळ वाढत गेली तेव्हा सूनही हसली नव्हती.

आठवडाभराने मावशीच्या लक्षात आलं की लेंड्या बारीक होतायत. मग एक दिवस तिने पाहिलं की मॅनेजर पोटाखाली मान घालून स्वतःचीच मऊ विष्ठा खातोय. शी शी शी! तिने त्याला टाळी वाजवून हाकललं, आणि पुढे रोज त्याच्यावर डोळा ठेवून हाकलत राहिली. गाजर, पाव, बिस्कीट मिळत असताना हा असा का वखवखतोय? कुणीतरी पाठीमागे याला काहीतरी घालतंय. आणि घरात तिसरं माणूस आहेच कोण?

कारणही सापडलं. गवताने सुनेला शिंका यायच्या, डोळे लाल व्हायचे. एकदा ती म्हणाली होती, "आई, याला दुसरं चांगलं घर बघूया का?" झालं! मावशीच्या डोक्यात पक्कं बसलं. घर मिळेना म्हणून ही बया त्याला हळूहळू संपवायला निघालीय.

मग डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू झाला. सून आंघोळीला गेली की मावशी तिची पिशवी चाचपायची. संध्याकाळी ती आली की मायेने हात हातात घ्यायची. "किती कोरडे पडलेत गं तुझे हात, बघू बघू," म्हणत तोंडाजवळ न्यायची आणि हळूच वास घ्यायची. साबणाचा वास यायचा. म्हणजे धुऊन आली! नसता आला, तर मावशी म्हणाली असती, बघा, धुतलेसुद्धा नाहीत. सून हात काढून घ्यायची नाही. काही बोलायचीही नाही.

डब्यांच्या तेविसाव्या दिवशी सुनेला सुट्टी होती. मावशीला पेन्शनच्या कचेरीत जाणं भाग होतं, हयात असल्याची सही करायला. त्याला काही घालू नकोस, असं जाताना तिने दहादा बजावलं. रांग मोठी निघाली, यायला दुपार झाली. दार उघडलं आणि पाहते तो मॅनेजर कोपऱ्यात पाठीची कमान करून बसलेला. डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजवतोय. पुढे गाजर तसंच. बिस्कीट तसंच. जमिनीवर एकही लेंडी नाही.

"काय घातलंस त्याला?" मावशी ओरडली.

"काही नाही, आई. मघापासून असाच बसलाय. मी तुम्हाला तीनदा फोन लावला."

"खोटं बोलू नकोस! तुला तो नकोच होता. मला सगळं माहीत आहे. मारलंस ना शेवटी?"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती वळली, टोपलीत टॉवेल अंथरला आणि मॅनेजरला उचलून आत ठेवलं. "चला," एवढंच म्हणाली. "डॉक्टरकडे."

"चल तर! तिथेच सोक्षमोक्ष लावते." मावशीने खिडकीतल्या सगळ्या डब्या पिशवीत भरल्या. गवतवालाही यात सामील असू शकतो, म्हणून काड्यांचं पोतंही काखोटीला मारलं. रिक्षात दोघींच्या मध्ये टोपली होती. मावशी सुनेकडे बघत नव्हती, टोपली दोन्ही हातांनी धरून बसली होती.

प्राण्यांची डॉक्टरीण मध्यमवयीन होती, मनगटावर मांजरांचे ओरखडे. तिने मॅनेजरच्या पोटाला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"पोट गप्प आहे," ती म्हणाली. "सशाचं पोट सतत गुरगुरत राहायला हवं. त्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं पुढे सरकलंच पाहिजे. थांबलं की वारा धरतो, दुखतं, मग तो खात नाही. खात नाही म्हणून आणखी थांबतं. काय घालता याला?"

"ते हिला विचारा," मावशी म्हणाली. "आणि हा घ्या पुरावा!" तिने टेबलावर बावीस डब्या तारखेने मांडल्या. तेविसावी रिकामीच होती, तीही मांडली.

"मावशी, असा पुरावा मला आजवर कुणी आणून दिला नाही," म्हणत डॉक्टरीण एकेक डबी उघडत गेली. पहिलीत वाटाण्याएवढ्या, गोल, भुसभुशीत. सातवीत तुरीच्या दाण्याएवढ्या. पंधरावीत मिऱ्याएवढ्या, दगडासारख्या, केसाने एकमेकींत ओवलेल्या. "पहिल्या दिवशी तब्येत उत्तम. मग रोज घसरण. या पहिल्या तारखेला काय बदललं?"

मावशीने तारीख वाचली. अक्षर तिचंच होतं. "त्या दिवशी... त्याचं खाणं मी हातात घेतलं."

"काय देता?"

मावशीने सांगितलं. सांगताना आवाज पहिल्यांदा चढा होता, बिस्किटापर्यंत येता येता खाली आला. "आणि गवत मी निवडून देते. अगदी स्वच्छ. या बघा काड्या, एक राहू देत नाही," म्हणत तिने पोतं उघडलं.

डॉक्टरणीने पोत्यातून एक जाड काडी उचलली. "मावशी, हेच तर त्याचं खरं जेवण. ही खरखरीत काडी पोटाला ढकलत नेते. हीच चावून दात झिजतात, नाहीतर जन्मभर वाढत राहतात. पाव-बिस्किटाने आत नुसता वारा धरतो. गाजर म्हणजे त्याची मिठाई, कधीतरी एक तुकडा."

"पण तो स्वतःची घाण खातो! मी हाकलते म्हणून बरं."

"हाकलू नका हो. ती घाण नाही. पहिल्या खेपेला पोटाला जे जमत नाही, ते तो दुसऱ्यांदा खाऊन पचवतो. त्यातच त्याची ताकद असते."

मावशी मटकन स्टुलावर बसली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात जन्म गेला तिचा, आणि मुसळ पोत्यात भरून तीच इथवर घेऊन आली होती. तिने सुनेकडे पाहिलं. सून मॅनेजरचे कान सावरत उभी होती, आणि डोळे पुसत होती. शिंकांमुळे नव्हे.

डॉक्टरणीने कातडीखाली पाण्याची सुई दिली, पोट चालू करायचं आणि दुखणं थांबवायचं औषध दिलं, पिचकारीतून भरवायचं पीठ दिलं. "पोट हलक्या हाताने चोळत राहा. सकाळपर्यंत लेंडी पडली तर वाचला म्हणा. नाही पडली तर लगेच घेऊन या."

घरी दोघी आळीपाळीने त्याला मांडीवर घेऊन बसल्या. सुनेने नाकाला रुमाल बांधला होता. ती पोट चोळायची, मावशी पिचकारीने थेंब थेंब भरवायची. "माझ्या राजा, गिळ रे," एवढेच शब्द त्या घरात बोलले गेले.

उजाडलं तेव्हा मॅनेजर मांडीवरून उतरला. डुलत डुलत पोत्यापाशी गेला, एक काडी ओढली आणि कर्र कर्र चावायला लागला. थोड्या वेळाने फरशीवर एक लेंडी पडली. एकच, वेडीवाकडी, मिऱ्याएवढी. मावशीने ती तळहातावर घेतली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. सवयीने डबी उघडली, पण तारीख लिहिता येईना.

"आई," सून मागून म्हणाली, "तुम्ही रोज माझ्या हातांचा वास घेत होता."

मावशीचा हात थांबला. "कळत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार? बोलले असते, तर तुम्ही त्याचीही एक डबी भरून ठेवली असती."

'चुकलं' हा शब्द मावशीने कारखान्यात कधी वापरला नाही, घरातही नाही. तो तोंडापर्यंत आला आणि तिथेच अडकला. मग तिने डबी खाली ठेवली आणि दोन्ही हात सुनेपुढे धरले. बोटांना गवताचा भुसा लागलेला, नखांत हिरवं.

"घे," ती म्हणाली. "आता तू माझ्या हातांचा वास घे. त्याला जे काही घातलं, ते याच हातांनी घातलं. तुझ्यावर आळ घेतला, तोही मीच. चुकलं माझं."

सुनेने रुमाल खाली ओढला, सासूचे हात धरले, त्यांवर वाकली आणि तीनदा सणसणीत शिंकली.

मावशीने हात झटकन मागे घेतले. मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत धुतले, पुसून कोरडे केले, आणि परत येऊन पुन्हा तिच्यापुढे धरले.