पोट खोटं बोलतंय

माझ्या साडूंच्या पंगतीतून उपाशी उठलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. सुखरूप उठलेलाही क्वचितच. गारखेड्यात त्यांच्या घरी जेवायचं म्हणजे आदल्या दिवसापासून लंघन. ताटावर आडवा धरलेला हात त्यांच्या लेखी नकार नव्हताच. ते त्या हातावरच गरम तुपाची धार सोडत, हात आपोआप बाजूला होई. चितेगावच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा जिलबीला भिऊन मांडवामागं लपले, तर हे परात घेऊन तिथंही हजर. कुणी पोट भरलं म्हणालं की यांचं ठरलेलं, "पोट खोटं बोलतंय. त्याचं ऐकायचं नसतंय."

मग त्यांना कॅन्सर निघाला आणि त्यांचीच भूक मेली. दर रविवारी त्यांचा सदरा खांद्यावरून आणखी ओघळलेला दिसे आणि हे आता हातचे जातात की काय अशी भीती वाटे. आजवर कुणाजवळ बोललो नाही, आता बोलतो: त्या भीतीपायी मी त्यांना भरवत सुटलो. नखरे करता म्हणालो. त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. ते माझ्यासाठी चार घास गिळायचे, मग मोरीत जाऊन ओकायचे. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून.

शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गाठीमुळं शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी खवळतात, सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, आणि त्यांचा निरोप मेंदूत भुकेच्या जागी पोचतो: जेवू नको. तापात अन्न नकोसं होतं ते अशाच निरोपांनी. "ताप उतरतो, हे निरोप थांबत नाहीत. अंगावरचं मांसही त्यांच्यापायी झडतं. यात त्यांचा हट्ट नाही हो. बळजबरी करू नका."

मी साडूभाऊंना सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "म्हणजे पोट खरं बोलत व्हतं की. आन् मी जन्मभर लोकायला छळलं."

परवा मेहुणीनं मला जेवायला वाढलं. साडूभाऊ तुपाची वाटी घेऊन शेजारी बसले. सवयीनं मी ताटावर हात आडवा धरला आणि चटक्याची वाट बघू लागलो. धार आलीच नाही.

"राहू द्या, पाहुणे," ते म्हणाले. "पोट खरं बोलत असंल."

वाटी खाली जाऊ लागली. इतकी भीती मला डॉक्टरांच्या खोलीतही वाटली नव्हती.

"नाही हो," मी म्हणालो, आणि हात बाजूला घेतला. "खोटंच बोलतंय."